मुक्ताच्या तब्येतीचे दोन फॉर्म

नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाच्या घरात एक वही असते. तारीख, वजन, सकाळच्या लघवीतलं प्रोटीन, गोळ्यांचा डोस, अंगावर सूज, ताप-सर्दी असं सगळं त्यात रोज लिहायचं. आमच्या घरी ती माझ्याकडे आहे. बायको शाळेत शिकवते, ती साडेसहाला बाहेर पडते. माझं कापडाचं दुकान इंदूरच्या राजवाड्याजवळ आहे आणि ते अकराच्या आत उघडत नाही, त्यामुळे सकाळची तपासणी माझ्याकडे आली. मुक्ताची पहिली लघवी डबीत घ्यायची, पट्टी बुडवून लगेच बाहेर काढायची, जादा थेंब कडेला टिपायचा आणि मिनिटभर थांबून बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पिवळी राहिली तर निल, म्हणजे प्रोटीन नाही. हिरवी होत गेली की एक प्लस, दोन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की आजार उलटला असं समजायचं, आणि डॉक्टरांना फोन करून स्टेरॉइड पुन्हा पूर्ण डोसवर न्यायचं. पट्टी तीन दिवस निल येईपर्यंत रोज गोळ्या, त्यानंतर काही आठवडे दिवसाआड.

मुक्ता दहा वर्षांची आहे. या आजारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि अंगावर पाणी धरतं. बहुतेक मुलं स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देतात, मोठेपणी बऱ्याच जणांचा आजार थांबतोही, पण मधली वर्षं उलटण्या-सावरण्यात जातात. आम्ही त्या मधल्या वर्षांत आहोत. सूज असली की वरचं मीठ बंद, म्हणजे पापड, लोणचं, नमकीन बंद. इंदुरात शेव बंद म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे पोह्यांवर शेव आणि जिरावन हा इथला मसाला नाही पडला तर पोहे झालेच नाहीत. आजी मुक्तासाठी बाजूला बिनशेवेची बशी काढते आणि स्वतःही तशीच खाते.

वहीत मुक्ताच्या मूत्रपिंडाची खडान्‌खडा माहिती आहे. फाइलमध्ये अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, रक्तदाब. एवढ्या कागदांत मुक्ता कशी आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, हे मला त्या फॉर्ममुळे कळलं.

बालविभागाच्या ओपीडीत आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो. एमडी करणाऱ्या एक तरुण डॉक्टर आमच्याजवळ येऊन बसल्या. जुनाट आजार असलेल्या मुलांचं रोजचं जगणं कसं आहे याचा अभ्यास त्या थिसिससाठी करत होत्या. आई-वडिलांपैकी एकाने एक फॉर्म भरायचा, मुलाने दुसरा. आधी संमतीपत्र, त्यात नीट लिहिलं होतं की नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही. मग त्या मुक्ताकडे वळल्या आणि तिला वेगळं विचारलं, “आपको भरना है? मना भी कर सकती हो.” इतक्या तपासण्या झाल्या, पण तिच्या मर्जीचा प्रश्न दवाखान्यात बहुधा पहिल्यांदाच कोणी काढला होता. आपल्याकडच्या संशोधनाच्या नियमांत सात वर्षांवरच्या मुलाचा होकार घ्यावाच लागतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला ते फार बरं वाटलं. मुक्ताने थोडा विचार केला आणि होकार दिला.

फॉर्मचं नाव पेड्सक्यूएल. जेम्स वार्नी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला आहे. सध्या चालते ती 4.0 आवृत्ती 2001 साली प्रसिद्ध झाली. आम्हाला मिळालेला फॉर्म हिंदीत होता. त्यात 23 प्रश्न: शरीराबद्दल आठ, मनाबद्दल पाच, इतर मुलांशी जमण्याबद्दल पाच, शाळेबद्दल पाच. प्रत्येकाचं उत्तर पाचांपैकी एक: कधीच नाही, जवळजवळ कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. गेल्या एका महिन्यात अमुक गोष्टीचा मुलाला किती त्रास झाला, एवढंच विचारलेलं. मुलाचा फॉर्म आणि पालकांचा फॉर्म जवळपास सारखाच, फक्त एकात ‘मला’ आणि दुसऱ्यात ‘तुमच्या मुलाला’.

भरायच्या दोन अटी होत्या आणि दोन्ही मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, डॉक्टरांना भेटण्याआधी भरायचा. आत गेल्यावर रिपोर्ट चांगला निघाला तर अख्खा महिना चांगला गेला असं वाटायला लागतं, आणि वाईट निघाला तर उलट. माझ्याबाबतीत तर पट्टीचा रंगच दिवस ठरवतो. सकाळी दोन प्लस आलं की दुकानात गिऱ्हाइकाशीही मी धड बोलत नाही. दुसरी अट, पालक आणि मूल यांनी एकमेकांचं न बघता भरायचा. मुक्ताला त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, मी बाकावर.

शरीराचे प्रश्न मी झरझर भरले. चालता येतं का, पळता येतं का, जड काही उचलता येतं का, आपली आपण आंघोळ करते का, घरातली लहानसहान कामं, दुखणं, थकवा. हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघतो. ती जिना चढताना तिसऱ्या पायरीला दम घेते की नाही हे मला झोपेतही सांगता येईल.

मनाच्या प्रश्नांपाशी पेन थांबलं. भीती वाटते का? उदास असते का? चिडते का? झोप लागते का? आपलं काय होईल याची काळजी करते का? चिडण्याबद्दल शंका नव्हती. स्टेरॉइडच्या पूर्ण डोसवर ती चिडते, भूक खवळते, रात्री उशिरापर्यंत जागी असते. हे औषधाचे माहीत असलेले परिणाम आहेत. पण उदास? ती गच्चीत एकटी बसते ते मी बघितलंय. ती का बसते ते मी मनाने ठरवलेलं. काळजीच्या प्रश्नावर मी ‘बऱ्याचदा’वर गोल केला आणि मग जाणवलं की या घरात बऱ्याचदा काळजी करणारा माणूस मी आहे. गोल तसाच ठेवला, कारण मला खरंच तसं वाटत होतं आणि फॉर्मवर पालकांना काय वाटतं तेच विचारलं होतं.

इतर मुलांशी जमण्याचे प्रश्न सोपे वाटले. शेजारची मुलं घरी येतात, वाढदिवसाला बोलावणं येतं. मुलं चिडवतात का, याला ‘जवळजवळ कधीच नाही’. शाळेच्या भागात गैरहजेरीचे दोन प्रश्न आहेत, एक तब्येतीमुळे आणि एक डॉक्टरांकडे जावं लागल्यामुळे. दोन्हींना ‘बऱ्याचदा’.

गुण कसे काढतात ते मी विचारून घेतलं. हिशेबाची सवय आहे, आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ‘कधीच नाही’ला 100, पुढे 75, 50, 25, आणि ‘जवळजवळ नेहमी’ला 0. म्हणजे गुण जितके जास्त तितकं जगणं बरं. प्रत्येक भागाची सरासरी वेगळी आणि सगळ्या 23 प्रश्नांची मिळून एक. एखाद्या भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे राहिले तर त्या भागाचे गुण काढतच नाहीत.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझे गुण सांगितले. एकूण साधारण 59. मुक्ताचे सांगण्याआधी त्यांनी मुक्ताकडे बघितलं. तिने मान हलवली, पण म्हणाली, “सिर्फ नंबर बताना, सवाल नहीं.” तिचे एकूण 58.

मला हायसं वाटलं. बापलेकीचं एक गुणाने चुकतंय, म्हणजे मी तिला नीट ओळखतो. डॉक्टर म्हणाल्या, जरा थांबा, आणि भागवार आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. शरीर: माझे 75, तिचे 78. शाळा: माझे 45, तिचे 50. मन: माझे 35, तिचे 60. इतर मुलांशी जमणं: माझे 70, तिचे 30.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मनाच्या बाबतीत मी तिला होती त्यापेक्षा किती तरी खचलेली समजत होतो, आणि मुलांमध्ये ती होती त्यापेक्षा किती तरी सुखी. दोन्हीकडचा फरक एकमेकांत फिटला आणि बेरीज जुळली. नुसती बेरीज बघून आम्ही घरी गेलो असतो तर मी निर्धास्त झोपलो असतो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. पालक आणि मूल यांची उत्तरं शरीराबद्दल बऱ्यापैकी जुळतात, कारण ते दिसतं. मन आणि मैत्री याबद्दल कमी जुळतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. आजारी मुलांचे पालक सहसा मुलापेक्षा कमी गुण देतात, आणि पालक स्वतः ताणाखाली असले की आणखी कमी. पण ते सरासरीचं बोलणं. एखाद्या घरात एखाद्या भागाचं उलटंही निघतं, जसं आमचं निघालं. मी विचारलं, मग खरं कोणाचं धरायचं? दोन्ही वेगवेगळे ठेवायचे, त्यांची सरासरी काढायची नाही, असं त्या म्हणाल्या. मूल पाच वर्षांचं झालं की त्याला स्वतःला विचारता येतं. पाच ते सातच्या मुलांना पाच उत्तरांऐवजी तीन चेहरे दाखवून. त्याहून लहान असेल किंवा फार आजारी असेल तर आई-वडिलांचाच फॉर्म, कारण तेवढाच रस्ता असतो. शिवाय दवाखान्यात कधी जायचं, शाळेत पाठवायचं की नाही, हे घरात पालक ठरवतात, त्यामुळे त्यांना काय दिसतं हेही कळायला हवं.

मला हे पटलं. माझा फॉर्म खोटा नव्हता. वाढदिवसाची बोलावणी खरी होती. मी जिथे उभा राहून बघतो तिथून जे दिसतं तेवढं मी लिहिलं होतं. मुक्ताच्या दिवसातले सहा-सात तास मी कुठेच उभा नसतो.

त्या 30 बद्दल मी तिला काहीही विचारलं नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आणि तिने प्रश्न दाखवू नका म्हटलं होतं. चारेक दिवसांनी क्लासवरून आणताना स्कूटरवर मागे बसून ती आपणहून बोलायला लागली. मला वाटतं, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलली. स्टेरॉइडने तिचा चेहरा गोल झाला आहे, गाल फुगलेले, रंग लालसर. वर्गातली काही मुलं तिला ‘टमाटर’ म्हणतात. आधी हसण्यावारी नेलं, मग बसमध्ये सुरू झालं, मग ज्या दोन मैत्रिणी जवळच्या त्यांच्याही तोंडी ते नाव आलं. “आणि पीटीत सर मला खेळूच देत नाहीत, बाबा. पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवतात.” मुक्ता खो-खो चांगली खेळते.

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तुम्ही लगेच शाळेत आला असता. मग ते अजून बोलले असते.”

यात उदासपणा नव्हता, राग होता. गच्चीत ती एकटी का बसते तेही तिने सांगितलं: तिथे मोबाइलची रेंज चांगली येते आणि आजी सारखी कपाळाला हात लावून ताप बघत नाही. ‘मन’ या भागातले तिचे 60 गुण मला तेव्हा समजले. तिला आजाराची भीती आमच्याइतकी वाटत नाही. पट्टी, गोळ्या, सुया हे तिच्या हिशेबी चालायचंच. तिचं दुखणं वर्गात आणि मैदानावर होतं.

हे सगळं मी पुढच्या भेटीत मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, मुक्ताला विचारून. पीटीचं ऐकून ते चकितच झाले. सूज नसताना आणि तब्येत ठीक असताना या आजारात मुलाला खेळायला हरकत नसते, उलट स्टेरॉइडवर असताना वजन आणि हाडांसाठी हालचाल चांगली. शाळेने सुरुवातीच्या आजारपणातला आरामाचा कागद धरून ठेवला होता आणि तोच लागू आहे असं समजून चालली होती. डॉक्टरांनी नवीन पत्र लिहून दिलं, चार ओळींचं. ते पत्र मुक्ताने स्वतः सरांना नेऊन दिलं, आम्ही शाळेत गेलो नाही. चिडवण्याबद्दल काय करायचं ते तिनेच सुचवलं: तिच्या आईने वर्गशिक्षिकेशी फोनवर बोलावं, पण वर्गासमोर कोणी तिचं नाव काढू नये. बाईंनी ते पाळलं. औषधांमुळे चेहरा, वजन, केस कसे बदलतात हे त्यांनी विज्ञानाच्या तासाला सगळ्यांसाठी म्हणून शिकवलं.

आजार वारंवार उलटत असल्याने स्टेरॉइड कमी लागेल अशा दुसऱ्या औषधाचा विचार मोठ्या डॉक्टरांच्या मनात होताच. ते ठरलं लघवीच्या वहीवरून आणि रक्ताच्या तपासण्यांवरून, फॉर्मवरून नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दोन्ही बाजू आमच्यापुढे मांडताना त्यांनी चेहऱ्याचा मुद्दा धरला. याआधी तो कोणी बोललं नव्हतं, आम्हीही नाही. मूत्रपिंडापुढे गालाचं काय, असं आम्हाला वाटायचं. दहा वर्षांच्या मुलीला तसं वाटत नाही आणि वाटावं अशी अपेक्षाही करू नये.

फॉर्म भरणाऱ्या आई-बापांना माझं सांगणं असं. पालकांचा फॉर्म दर वेळी त्याच एकाने भरा. कुतूहल म्हणून आमच्या घरी बायकोने वेगळा भरून बघितला, तर तिचे शाळेच्या भागातले गुण माझ्यापेक्षा कमी आणि मनाचे जास्त निघाले. अशी माणसं बदलत गेली तर मूल बदललं की भरणारा बदलला हे कळणार नाही. महिनाभराचंच आठवा, सगळ्या आजारपणाचं नाही. जे माहीत नाही तिथे अंदाज खरा वाटेल तोच लिहा, चांगलं दिसावं म्हणून नको. दवाखान्यात बसून आपण चांगले पालक आहोत हे दाखवायची इच्छा फार होते. आणि मुलाच्या मागे उभे राहू नका. आमच्या शेजारी एक आई मुलाच्या हातातलं पेन धरून योग्य गोल दाखवत होती. डॉक्टरांनी तिला चहा प्यायला पाठवलं.

काही महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरला. एकूण गुणांत साधारण साडेचारचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचे ‘इतर मुलांशी’चे 30 होते ते 65 झाले. माझे त्या भागातले 70 वरून 60 वर आले, कारण आता मला जास्त माहीत आहे. मनाचे माझे 50, तिचे 65. चेहरा अजून पूर्ण उतरलेला नाही, ‘टमाटर’ही अधूनमधून येतं, पण ती खो-खोच्या संघात आहे आणि बाटल्या आता आळीपाळीने सगळेच सांभाळतात.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र आम्हा दोघांचंही जागचं हललं नाही: डॉक्टरांकडे जावं लागल्यामुळे शाळा बुडते का. ‘बऱ्याचदा’, दोन्ही फॉर्मवर. मूत्रपिंडाची ओपीडी शाळेच्या दिवशीच असते आणि नंबर लागेपर्यंत दुपार होते. दूरगावाहून पहाटे निघून येणारी मुलं असतात, त्यांची तर आणखी शाळा बुडत असणार. त्या दिवशी मी मुक्ताला विचारून आमचे दोन्ही फॉर्म सोबत जोडले आणि विभागप्रमुखांना अर्ज दिला, की तब्येत स्थिर असलेल्या मुलांना महिन्यातून एखाद्या शनिवारी दुपारी बघता येईल का. उत्तर यायचंय.